पावती मिळते, हिशेब मिळत नाही

नेरळहून घाट चढून आलेल्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढं माथेरान. तिथं मोटारीला बंदी. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला नाक्यावर नुसता गलका असतो. गाडी कुठं लावायची यावरून वाद, घोड्याच्या भावावरून घासाघीस, अमन लॉजची शटल गाडी किती वाजता यावरून धावपळ. या सगळ्या गलक्यात एक जागा मात्र शांत असते, ती म्हणजे नगरपरिषदेची कराची खिडकी. माणशी ५० रुपये, लहान मुलांना कमी. लोक रांगेत उभे राहतात, पैसे देतात, पावती खिशात घालतात आणि पुढं सरकतात.

माझ्या पुढं अंधेरीहून आलेलं सात जणांचं कुटुंब होतं. कुटुंबप्रमुखानं घोडेवाल्याशी शंभर रुपयांसाठी चांगलीच हुज्जत घातली होती. खिडकीपाशी मात्र त्यानं निमूट पैसे मोजले. इथं का नाही घासाघीस केली, असं विचारलं तर म्हणाला, "अहो, इतकी वर्षं यांनी वर गाड्या येऊ दिल्या नाहीत ना? त्याचे पैसे समजा."

या अंकाचा विषय ठरला तेव्हा संपादकांनी माझ्याकडं एक प्रश्न सोपवला: पर्यावरण राखण्यासाठी आपण जास्त कर द्यायला तयार आहोत का? हा प्रश्न जगात नवा नाही. 'इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्रॅम' या नावानं अनेक देशांतले समाजशास्त्रज्ञ १९९३पासून ठरावीक वर्षांनी तो लोकांना विचारत आले आहेत. त्यासोबत आणखी दोन प्रश्न असतात: वस्तूंना खूप जास्त दाम द्याल का, आणि राहणीमानात कपात सोसाल का. पण 'द्याल का' असं विचारण्याआधी आपण आजच काय काय देतो आहोत आणि दिलेल्याचं पुढं काय होतं, हे पाहिलं पाहिजे असं मला वाटलं. म्हणून खिडक्यांपासून सुरुवात केली.

खिडकीमागचं गाव

माथेरानची कायम वस्ती २०११च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत होती. एवढ्या वस्तीच्या घरपट्टीवर गिरिस्थान नगरपरिषद चालणं शक्य नाही. शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांसाठी रस्ते, दिवे, झाडलोट, स्वच्छतागृहं हे सगळं याच नगरपरिषदेला करावं लागतं. प्रवासी कराचा आधार त्यासाठीच आहे. २००३मध्ये केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यामुळं इथं कारखाना येणार नाही, टॉवर उठणार नाही, मोटारींचा रस्ता होणार नाही. म्हणजे इतर गावांना जिथून उत्पन्न मिळतं ते रस्ते इथं बंद आहेत. जंगल राखायचं तर त्याचा खर्च ते पाहायला येणाऱ्यानं उचलायचा, असा हा सरळ व्यवहार आहे.

आत गेल्यावर तो खर्च कशावर होतो ते दिसायला लागतं. माथेरानची वाट लाल मातीची. पाऊस इथं धो-धो पडतो आणि दरवर्षी माती घेऊन जातो. पाण्याचा वेग मोडायला वाटेच्या कडेनं दगडी बांध घातलेत, चर काढलेत. ते दर पावसाळ्यानंतर दुरुस्त करावे लागतात. मातीच्या जागी पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाहीत यावरून इथं इतका वाद झाला की तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेशही याच न्यायालयानं ऑगस्ट २०२५मध्ये दिला. सिमेंटची गोणी असो, गॅसचा सिलिंडर असो की कोबीचं पोतं, दस्तुरीपासून पुढं ते घोड्याच्या पाठीवरून नाहीतर हातगाडीवरून जातं. कचऱ्याचंही तेच. हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न जिरवायला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्रावरचा बायोगॅस प्रकल्प या गावानं उभारला होता. त्यामागंही हीच अडचण होती: कचरा खाली न्यायचा तर वाहनच नाही.

बाजारातल्या एका दुकानदाराला मी विचारलं, कर दुप्पट केला तर? तो म्हणाला, "केला तरी लोक येतील. पण संडास साफ नसला तर बोलतात, आणि आम्हाला येऊन बोलतात." पर्यटकांशी बोलताना मलाही हेच जाणवलं. पन्नासाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पॉइंटवर पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांबद्दल मात्र होती, आणि ती पावती दाखवून केलेली होती. दिलेला पैसा आणि पाहिलेलं काम यांत तीन-चार किलोमीटरांचंच अंतर होतं, त्यामुळं जाब विचारणं सोपं होतं.

फेब्रुवारीचे ३००

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती ३०० होते. वर्षाचे २,५००, कारण या करावर राज्यघटनेनंच तेवढी कमाल मर्यादा घालून दिली आहे. हा व्यवसाय कर. तो कशासाठी कापतात, असं मी एका बँकेतल्या दहा-बारा जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. त्यांचा त्यात काही दोष नाही. त्यांना ते कुणी कधी सांगितलेलंच नाही.

हा कर १९७५च्या कायद्यानं आला, आणि तो आणण्यामागं १९७२चा दुष्काळ होता. विहिरी आटल्या, गुरं गेली, आणि लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर उतरली. सुकडीच्या वाटपाच्या आठवणी मराठवाड्यातल्या आणि सोलापूर-नगरकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. मागेल त्याला काम देण्याची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. दुष्काळानं ती राज्यभर नेली. पैसा कुठून आणायचा या प्रश्नाला शासनानं दिलेलं उत्तर आजही थक्क करणारं आहे. शहरातल्या नोकरदारानं, व्यापाऱ्यानं, वकील-डॉक्टरानं कर द्यायचा आणि त्यातून गावातल्या भूमिहीनाला काम मिळायचं. कराचं जेवढं उत्पन्न येईल तेवढीच रक्कम राज्यानं आपल्या तिजोरीतून त्यात घालायची, हेही कायद्यात आलं. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानं एकमतानं मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला.

पर्यावरण हा शब्द त्या काळात एवढा बोलला जात नव्हता. पण कामांची यादी पाहा: पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, वनीकरण. माती आणि पाणी अडवण्याचीच ही कामं. सांगोला तालुक्यात असा एक पाझर तलाव मी पाहिला. ओढ्याच्या वाटेत मातीचा आडवा बांध घातलेला, आतून काळ्या मातीचा गाभा, पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग. तलावातून कालवा निघत नाही, मोटारीही बसवायच्या नसतात. पाणी अडायचं, मुरायचं आणि खालच्या अंगाच्या विहिरींत उतरायचं, एवढंच त्याचं काम. बांधावर भेटलेल्या शेतकऱ्याची आई या कामावर पाटी उचलायला होती. "मुकादम चौकड्या मोजायचा, तेवढी मजुरी. आता तिच्या हातची माती आमच्याच विहिरीला पाणी देतीय," तो म्हणाला. त्याची डाळिंबाची बाग बांधाच्या खालीच आहे. १९९०मध्ये रोजगार हमीला फळबागांची जोड मिळाली. सांगोल्याचं डाळिंब आणि कोकणातल्या वरकस डोंगरांवरचे आंबा-काजू त्यातून उभे राहिले.

म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये सांगोल्याच्या ओढ्यात मातीचा बांध होऊन बसले. पर्यावरणासाठी कर देण्याचं याहून मोठं उदाहरण देशात मला दिसत नाही. ते आपल्याच राज्यात घडलं आणि कर देणाऱ्यांनाच ते ठाऊक नाही. सगळी कामं चांगली झाली असं नाही. खोटे हजेरीपट निघाले, गाळानं भरलेले तलावही आहेत. तरीही केंद्रानं २००५मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर नमुना होता तो महाराष्ट्राचाच. स्लिपवरच्या त्या ओळीखाली एवढं एक वाक्य छापलं असतं, तर फेब्रुवारीचे जादा १०० रुपये लोकांनी आनंदानं दिले असते असं मला मनापासून वाटतं.

बिलातली एक ओळ

शहरातल्या घरपट्टीच्या बिलात सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिस्सारण, पथकर, शिक्षण उपकर अशा ओळी असतात. त्यांत एक ओळ झाडांची. १९७५च्याच महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानं महापालिका आणि नगरपरिषदांना वृक्ष उपकर घेण्याची मुभा दिली आणि वृक्ष प्राधिकरण नेमायला सांगितलं. कुठं याला वृक्ष उपकर म्हणतात, कुठं वृक्षसंवर्धन कर. पन्नास वर्षं आपण हा कर भरतो आहोत.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात सवलतीची मुदत संपत आली होती, त्या दिवशी मी नागरी सुविधा केंद्रात बसले होते. रांगेतल्या लोकांना मी बिलातली ती ओळ बोटानं दाखवत होते. बहुतेकांनी ती पहिल्यांदाच पाहिली. एका निवृत्त शिक्षिकेला मात्र ती पाठ होती. "दरवर्षी भरते. माझ्या गल्लीतला गुलमोहर वादळात पडला तेव्हा कापायला दोन तासांत माणसं आली. त्या खड्ड्यात दुसरं झाड लावा म्हणून तीन अर्ज केले. शेवटी तिथं पेव्हर ब्लॉक बसले." हा कर दुप्पट केला तर चालेल का, असं विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या. "झाड लावून दाखवा, मग तिप्पट घ्या."

झाडांचं जे, तेच कचऱ्याचं. मुंबई महापालिकेनं एप्रिल २०२५मध्ये कचऱ्यासाठी घरामागं महिन्याला १०० ते १,००० रुपये शुल्क घेण्याचा मसुदा काढला, तेव्हा सगळ्याच पक्षांतून विरोध झाला. मुंबईकर कंजूष आहेत म्हणून तो झाला, असं मी म्हणणार नाही. सोसायटीनं ओला-सुका वेगळा करून दिलेला कचरा पुढं एकाच गाडीत पडताना ज्यानं पाहिलाय, तो आणखी १०० रुपये कोणत्या भरवशावर देईल?

पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं २००८मध्ये महापालिकेशी करार केला, आणि दारात येणाऱ्या ताईंच्या हातात महिन्याचं शुल्क देण्याची रीत पडली. इथंही कटकटी आहेत, थकवणारी घरं आहेत. पण देणाऱ्याला घेणारीचा चेहरा माहीत असतो. ती चार दिवस आली नाही तर पाचव्या दिवशी विचारता येतं. कचरा नीट वेगळा केला नाही तर तीही दारातच ऐकवते.

१५ वर्षांची दुचाकी

आता कराचा भार कुणावर पडतो ते पाहू. महाराष्ट्रात खासगी गाडीला १५ वर्षं झाली की पुन्हा पासिंग करताना पर्यावरण कर भरावा लागतो. पाच वर्षांसाठी दुचाकीला २,०००, पेट्रोलच्या मोटारीला ३,००० आणि डिझेलच्या मोटारीला ३,५०० रुपये. कल्पना रास्त आहे, कारण जुनं इंजिन जास्त धूर सोडतं. पण आरटीओच्या आवारात एक सकाळ उभं राहिलं की वेगळं चित्र दिसतं. जुनी दुचाकी घेऊन आलेला माणूस असतो दूधवाला, गवंडी, नाहीतर शेतकरी. गाडी विकायला काढली तर जेमतेम १५ हजार येतील. त्यात कराचे २,०००, वर एजंटाचे वेगळे. पंचवीस लाखांची नवी डिझेल गाडी रोज शहरातून फिरवणाऱ्याला मात्र पहिली १५ वर्षं या करातला एक पैसाही लागत नाही. गवंडी मला म्हणाला, "धूर आमच्याच गाडीचा होतो का?"

हाच प्रश्न फ्रान्समध्ये १७ नोव्हेंबर २०१८ला पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर आला. तिथं इंधनावर कार्बन कर आहे. २०१८मध्ये तो टनामागं ४४.६० युरो होता आणि पुढच्या वर्षी ५५ होणार होता. त्याच वर्षी सरकारनं श्रीमंतांवरचा संपत्ती कर बहुतांशी उठवला होता. जिथं बस येत नाही अशा गावांतून रोज मोटारीनं कामाला जाणाऱ्या माणसानं दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या. चौकाचौकात लोक बसले आणि महिन्याभरात सरकारला ती वाढ मागं घ्यावी लागली. कर आजही ४४.६०वरच आहे. स्वित्झर्लंडचा अनुभव याहून बारकाईनं पाहण्यासारखा आहे. तिथं तापवण्याच्या तेला-गॅसवर कार्बन आकारणी आहे, आणि तिचा सुमारे दोनतृतीयांश पैसा नागरिकांना आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजावट म्हणून, आणि कंपन्यांनाही, परत मिळतो. तरीही जून २०२१मध्ये आकारणी वाढवणारा कायदा तिथल्या मतदारांनी ५१.६ टक्क्यांनी फेटाळला. दोन वर्षांनी हवामानाचा दुसरा कायदा मतदानाला आला, त्यात नवा कर नव्हता, जुने हीटर बदलायला अनुदान होतं. तो ५९ टक्क्यांनी मंजूर झाला. निसर्गावर माया असलेला देशसुद्धा करापाशी येऊन अडखळतो, हे मान्यच केलं पाहिजे. त्या अडखळण्याला स्वार्थ म्हणून सोडून दिलं, तर पुढचा करही फसेल.

कोळशाचा उपकर

माझा सगळ्यात जास्त संताप झाला तो कोळशाच्या उपकराची कथा तपासताना. २०१०च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहायचा होता, त्यातून सौर-पवन ऊर्जेला, संशोधनाला बळ मिळायचं होतं. २०१४ला उपकर १०० झाला, २०१५ला २००, २०१६ला ४००. नावही बदलून स्वच्छ पर्यावरण उपकर झालं. कोळशावरचा हा भार शेवटी विजेच्या बिलातून तुम्ही-आम्हीच भरला. चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांच्या राखेत राहणाऱ्या माणसानंही भरला.

२०१७-१८पर्यंत या उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यातले निधीत पोचले साडेएकोणतीस हजार कोटींच्या आसपास, आणि प्रकल्पांवर लागले १६ हजार कोटींच्या आत. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला आणि टनामागचे हेच ४०० रुपये राज्यांची नुकसानभरपाई म्हणून वळवले गेले. सप्टेंबर २०२५मध्ये ती भरपाईही संपली आणि कोळशावरचा जीएसटी ५वरून १८ टक्के झाला. म्हणजे कोळशावर कर आजही आहे, पण त्यात पर्यावरणासाठी राखलेला एक रुपयाही नाही. हॉटेलच्या बिलावर नोव्हेंबर २०१५पासून दिसणारा अर्धा टक्का स्वच्छ भारत उपकर आठवतो का? तोही जीएसटीबरोबर गेला.

केंद्राच्या उपकराचं वैशिष्ट्य असं की तो ठरावीक कामासाठी घेतला जातो आणि राज्यांना त्यातला वाटा द्यावा लागत नाही. पण पैसा आधी जातो तो सरकारच्या एकत्रित निधीत. तिथून तो त्या कामाकडं वळला की नाही, हे पाहायला नागरिकाकडं कोणतीही खिडकी नाही.

पाटोद्याचं दळण

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीची गोष्ट तिथले माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या भाषणांतून गावोगाव पोचली आहे. तिथं भास्कररावांच्या काळात असं ठरलं की जे घर पूर्ण कर भरेल, त्याचं दळण गावच्या गिरणीत फुकट. पिण्याचं शुद्ध पाणी, अंघोळीला गरम पाणी, घराघराला कचऱ्याचे डबे, झाडं, सांडपाण्याची सोय हे सगळं त्याच कराच्या आधारानं उभं राहिलं. कर चुकवणारा कोण हे गिरणीपाशी आपोआप कळायचं. भरणाऱ्याला तर आपला कर रोज सकाळी पिठाच्या डब्यात दिसायचा. ही लाच आहे, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला कधीच काही परत दिसलं नाही, त्याचा विश्वास बसायला कुठून तरी सुरुवात लागतेच.

या सगळ्या खिडक्यांपाशी उभं राहून माझं मत असं झालं आहे: महाराष्ट्रातला माणूस पर्यावरणासाठी जास्त कर द्यायला तयार आहे. आधी घेतलेल्याचा हिशेब मिळेपर्यंत त्यानं नवा कर देऊ नये, असंही माझं मत आहे. कोणताही हरित कर घेताना बिलाच्या पाठीमागं मागच्या वर्षी किती जमला आणि कुठं खर्च झाला हे छापायला हवं. ज्याची गाडी, ज्याचं घर, ज्याचा धूर मोठा, त्याच्यापासून वसुली सुरू व्हायला हवी.

तोवर एक काम प्रत्येकाला करता येईल. यंदाचं घरपट्टीचं बिल काढा, त्यातली वृक्ष उपकराची ओळ शोधा आणि तुमच्या महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या उद्यान विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला माहितीच्या अधिकाराखाली तीन प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत हा उपकर किती जमला, त्यातला झाडांवर किती लागला, आणि माझ्या प्रभागात त्यातून कोणती झाडं लावली. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. उत्तर ३० दिवसांत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.